एकदाच वापरायची पट्टी

आमच्या भाऊजींनी आयुष्यात न तपासता घरात आणलेली एकच गोष्ट म्हणजे माझी थोरली बहीण. भद्रावतीत त्यांना सारे चक्रम म्हणतात. खुशाल म्हणोत! कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेला हा माणूस खिशात पेनाऐवजी पट्ट्या बाळगतो. बोटभर पट्टी, टोकाला डोळ्यांना न दिसणाऱ्या सोन्याच्या कणांचा लेप. रक्तातली साखर तपासतात तसल्या डबीत ती खोचायची, वर अन्नाच्या पाण्याचा थेंब सोडायचा. पदार्थ टिकवायला औषध घातलं असेल तर डबीवर आकडा चढतो. पुतणीच्या लग्नात त्यांनी भरली पंगत थांबवून सॉस तपासला. आचारी तडकला, तर म्हणाले, "तू तडक, पण सॉसले मढ्यावानी कायले टिकवून राह्यला?" पंगतीत निम्म्यांनी सॉस बाजूला सारला.

पट्टी एकदा वापरून फेकायची असते. पण सोन्याचा लेप फेकेल तो भाऊजींचा हात कुठला! ते पट्ट्या धुऊन, दोरीवर चिमट्यांनी वाळत घालत.

तिथंच घात झाला. आठवडी बाजारात तलावातले मासे विकणाऱ्या एका म्हातारीच्या टोपलीतलं पाणी त्यांनी पट्टीवर सोडलं. आकडा चढला. "औषधाचे मासे!" भाऊजी गरजले. गिऱ्हाइकं पांगली. म्हातारी म्हणाली, "सकाळी जित्ते होते जी. औषध लावाले मले येळ कुठी?"

घरी येऊन त्यांनी डबीत उरलेलं तेच पाणी कोऱ्या पट्टीवर तपासलं. आकडा शून्य. धुतलेल्या पट्टीवर मात्र साधं पाणीही दोषी ठरलं. आधीचं औषध तिला चिकटून राहिलं होतं. त्या दिवशी भाऊजी जेवले नाहीत.

दुसरा कोणी गप्प बसला असता. भाऊजी पुढच्या बाजारी टोपलीशेजारी उभे राहून ओरडले, "मासे चांगले हायेत! खोटा मी होतो!" लोक हसले. "हसा! पण मासे घ्या!"

"सर, काऊन हसू करून घेता? घरी जा," म्हातारी म्हणाली.

"टोपली रिकामी झाल्याबिगर मी हालत नाई, बाई."

याला वर्ष होत आलं. त्यांचा एकही बाजार चुकला नाही, आणि मला त्यांचा अभिमान वाटतो. गिऱ्हाइकं बरीचशी परतली, सगळी नाहीत. परवा मी सोबत होतो. एका बाईनं टोपलीत हात घातला, तोच शेजारणीनं तिच्या कानात काहीतरी सांगितलं आणि तो हात मागं गेला. भाऊजी टोपलीशेजारून हलले नाहीत. म्हातारीनं आपल्याखालचं पोतं अर्धं त्यांच्याकडे सरकवलं.

"बसा जी," ती म्हणाली. "बाजार उठाले अजून येळ हाये."