एकच चाक सोडलेलं

रेवदंड्याच्या नाक्यावरचा तो मेकॅनिक मला एकदाच भेटला. माझ्या जुन्या फोर-व्हील-ड्राइव्ह पिकअपमधून पुढून घरघर येत होती आणि मुंबईहून आलेली बायको मांडव्याच्या धक्क्यावर ताटकळत होती. मी घड्याळ बघत "पुढचा शाफ्ट खोला" म्हणून त्याच्या मागे लागलो होतो. त्याने पान्याला हातही लावला नाही. उकिडवं बसून डाव्या चाकाचा हब, म्हणजे वाळूत पुढच्या चाकाला इंजिनाचा जोर जोडणारी मधली फिरवायची चकती, चाचपला, मग सावकाश उजव्या चाकाकडे गेला.

"होडी ओढायला गाडी वाळूत घातलीवती?"

"हो, सकाळी."

"तवा दोन्ही चाकं लॉक केलीत. रस्त्याला लागताना एकच सोडलंत. मधीच फोन आला व्हता काय?"

आला होता. बायकोचाच, निघालात का म्हणून.

त्याने दुसरा हब फिरवला. मी झटकन चढून चावी मारली, तशी गाडी कर्रकन ओरडली.

"चालूच हाय ती," तो हात पुसत म्हणाला. "तुम्ही बंद कुठं केलीवती?"