उस्तादांची हातोडी

नातवाच्या नव्या तबल्याच्या कातड्याचा वास आला आणि देवासची ती दुपार अंगावर आली. दसऱ्याच्या दरबारात मीच वाजवणार, असं मी गावभर सांगत सुटलो होतो. माझ्या उस्तादांनी माझं वाजवणं ऐकलं. मग सूर लावायची हातोडी उचलून माझ्याच तबल्यावर अशी हाणली की कातडं टर्रकन फाटलं आणि लाकडाची ढलपी माझ्या गालात घुसली.

"अब बजा!" ते गरजले. "है कोई फर्क?"

रक्त सदऱ्यावर ठिबकत होतं. हा माणूस नव्हे, कसाई आहे, असं वाटलं. पण फाटक्या तबल्यावरच्या आणि आधीच्या माझ्या वाजवण्यात फर्क मात्र खरंच नव्हता.

आज नातू म्हणाला, "आजोबा, गणपतीत मीच वाजवणार." माझा हात हातोडीकडे गेला, तिथून गालावरच्या व्रणाकडे.

"ठेक्याची लय पळतेय तुझी. यंदा नको बसूस."

त्याचं तोंड एवढंसं झालं. फक्त रक्त आलं नाही.