रांग नसलेली रिक्षा

आप्पांचा पक्ष हायड्रोजनचा होता, माझा बॅटरीचा. त्यांची सीएनजीची जुनी रिक्षा बदलायला आली तेव्हा सुरतेत कोसाडच्या आमच्या घरात दुसरा विषयच नव्हता.

आप्पा म्हणजे माझे वडील; आधी कतारगामला लूमवर, यंत्रमागावर होते, नंतर रिक्षा घेतली. मी मराठी शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे वाद जिंकायची मला सवय आहे. मी समजावलं: वीज घालून पाण्यातून हायड्रोजन काढायचा, दाबून टाकीत भरायचा आणि गाडीत परत त्याची वीज करायची. निम्म्याहून जास्त वीज वाटेतच जाते. एवढा द्राविडी प्राणायाम लांब पल्ल्याच्या ट्रकांना परवडेल कदाचित. अमरोली ते स्टेशन धावणाऱ्या रिक्षाला कशाला?

"पन तो पंपवर भरतस," आप्पा म्हणायचे. "हायड्रोजन ई, तवय लिसूत." येईल तेव्हा घेऊ, तोवर जुनीच बरी.

हायड्रोजनची रिक्षा सुरतेत मी तरी पाहिली नव्हती. पण सीएनजीच्या रांगेत कुणीतरी त्यांना व्हिडिओ दाखवला होता: नळी लावली, गॅससारखा भरला, निघाली गाडी. आप्पांचं सगळं जग त्या रांगेतच होतं. शहादा, शिरपूर, अमळनेरकडचे रिक्षावाले दुपारी एकामागे एक लागायचे आणि एखाद्याच्या मागच्या सीटवर कोंबून बसायचे. माझ्या बहिणीचं स्थळही त्याच रांगेत मिळालं. मी त्या रांगेला वेळेचा सत्यानाश म्हणायचे, आणि तो होताच.

शेवटी बॅटरीची रिक्षा आली. रात्री खाली प्लग लावायचा, सकाळी गाडी तयार. आप्पांची काही तक्रार नव्हती. सुट्टीच्या दिवशी मला दिसायचं: दुपारी घरी यायचे, जेवायचे आणि भिंतीकडे तोंड करून पडायचे. आई गेल्यापासून एरवी दुपारी घरात कुणी नसतं. संध्याकाळी मी विचारायचे, गाडी कशी आहे? "ब्येस शे," म्हणायचे.

मग हळूहळू त्यांना घरी यायला उशीर व्हायला लागला. कुणाच्या घरी लग्न ठरलं, कुणाच्या शेतात केळी आडवी झाली, हे जेवताना सांगायला लागले. मला वाटलं, गाडीची सवय झाली.

एकदा शाळा लवकर सुटली. पंपावरून येताना गॅसच्या रांगेत मला हिरवी नंबरप्लेट दिसली. हिरवी प्लेट म्हणजे बॅटरीची गाडी. रिक्षा आमचीच होती. मी जाऊन मागे बसले.

"आप्पा, तू आठे काय करी राह्यना? हाई गाडीले गॅस लागस का?"

ते ओशाळले नाहीत. "बाजूले उभा राह्यनू ते लोके इचारतस, काय काम शे," म्हणाले. "लाईनमा कोनी इचारत नही."

मला राग आला आणि रडूही आलं. गणित माझंच बरोबर होतं, अजूनही आहे. त्यात हे कुठे धरायचं ते मला कळेना.

तेवढ्यात आमचा नंबर आला. "चालो काका!" म्हणत पंपावरच्या पोराने हसून हात केला, त्याला सवय असावी. आप्पांनी रिक्षा बाहेर काढली, वळवली आणि पुन्हा रांगेच्या शेवटी नेऊन लावली. पुढच्या रिक्षांतले दोघं उतरून आमच्याकडे चालत आले.

मी सरकून त्यांना जागा केली.