तेरावं प्रकरण आणि भंडाऱ्याची रोवणी

नागपूर सोडलं तेव्हा सकाळचे सात वाजले होते. गाडीत बसल्याबसल्या गास्तोंनी माझ्या मांडीवरची फाईल उचलली आणि मागच्या काचेपाशी टाकून दिली. "आज नाही," ते म्हणाले. फाईलमध्ये त्यांच्याच आयुष्याची बारा प्रकरणं होती. तेरावं नव्हतं, आणि आमचं भांडण त्याचंच होतं.

गास्तों कोण, हे आधी सांगते. फ्रान्समधल्या एका लहान गावात स्टेशनमास्तरच्या घरी जन्मलेला मुलगा. सहाव्या वर्षी हातात व्हायोलिन आलं, पुढे एका मोठ्या वाद्यवृंदात बावीस वर्षं वादक, आणि मग त्याच वाद्यवृंदापुढे उभं राहून हातातल्या बारीक छडीने साठ जणांना एकत्र ठेवणारा संचालक. युरोपभर नाव झालं. नाव ऐन भरात असताना एके दिवशी त्यांनी ती छडी ठेवली ती ठेवलीच. आता सत्तरी उलटली आहे. दर पावसाळ्यात दोन आठवडे नागपुरात येऊन मुलांना व्हायोलिन शिकवतात. मी पुण्यातली फ्रेंचची निवृत्त प्राध्यापिका, त्यांची दुभाषी. त्यांच्या कारकिर्दीवर मराठीत पुस्तकही मीच लिहीत होते. छडी का ठेवली, हे मी त्यांना तीनदा विचारलं होतं. तिन्ही वेळा उत्तर एकच: "थकलो होतो. एवढीच ओळ लिही." थकलेला माणूस पुढच्याच महिन्यापासून रोज सहा तास मुलांना शिकवायला लागतो, हे काही माझ्या गळी उतरेना. खरं कारण मिळणार नसेल तर पुस्तक छापायलाच द्यायचं नाही, असं मी आदल्या संध्याकाळी त्यांना तोंडावर सांगितलं होतं. म्हणून गाडीत आम्ही दोघंही खिडकीबाहेर बघत होतो.

निमित्त होतं सुजाताच्या घरच्या आमंत्रणाचं. सुजाता ही त्यांची नागपुरातली विद्यार्थिनी, घर भंडाऱ्याच्या पलीकडे. घरी रोवणी (भाताची लावणी) चालू होती. ती पाहायला सरांना घेऊन या, असं तिच्या आईने फोनवर सांगितलं होतं. सुजाताची परीक्षा होती, ती नागपुरातच राहिली.

भंडाऱ्याच्या अलीकडे शहापूरला हायवेवर चहा घेतला. टपरीवाल्याने गास्तोंकडे एकदा पाहून साखर कमी घातली आणि वर मला सांगितलं, "बाहेरचे लोक गोड नाही पेत." गास्तोंनी पहिला घोट घेतला आणि दोन चमचे साखर मागून घेतली. तिथून भंडारा शहर, मग वैनगंगेचा पूल. नदी गढूळ आणि दोन्ही काठ भरून वाहत होती. पुलापलीकडचं कारधा गाव मागे पडलं आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नुसत्या बांध्या (पाणी साठवलेले भाताचे तुकडे) सुरू झाल्या. मधूनच एखादं तळं, त्याच्या पाळीवर मोहाची झाडं. मला शेतीतलं ओ की ठो कळत नाही, पण इतकं हिरवं आणि इतकं सपाट बघून मन निवलं. भांडण अर्धं तिथेच विरघळलं.

सुजाताच्या आई, शीलाकाकू, दारातच उभ्या होत्या. पन्नाशीच्या, साडीचा काचा मारलेला, पायांना पोटरीपर्यंत वाळलेला चिखल.

"जय भीम. या, बसा. चाय घ्या, मंग जाऊ वावरात. बाया लागल्या हायेत कामाले."

चहा दुसऱ्यांदा झाला. वावर घरामागेच होतं; शीलाकाकू तडक ओळीत शिरल्या. धुऱ्यावर (बांधावर) उभं राहून पाहिलं, तर त्यांना धरून अकरा बायका पाण्यात वाकून एका ओळीत उलट्या सरकत होत्या. डाव्या हातात पऱ्ह्यांची (भाताच्या रोपांची) पेंडी, उजव्या हाताने तीन-चार काड्या सोडवायच्या आणि चिखलात रोवायच्या. प्रत्येकीच्या वाट्याला एक पात (पट्टी). ओळ मात्र सरळ. गास्तोंना वाटलं होतं की बायका गाणं म्हणत असतील आणि त्या तालावर हात चालत असतील. मी कान देऊन ऐकलं. त्या टीव्हीवरच्या मालिकेतल्या सासूला शिव्या घालत होत्या.

"मग यांना ताल कोण देतं?" गास्तोंनी विचारलं. दहा मिनिटं ते पाहत राहिले. मग बूट काढले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि मला म्हणाले, "विचार, मी येऊ का?"

शीलाकाकू हसायलाच लागल्या. "त्याईले सांगा, कंबर धरन."

ओळीच्या टोकाला सगळ्यांत म्हातारी बाई होती, अनुसयामाय. ती न वळता म्हणाली, "येऊ दे नं वो. माझ्या बाजूले लागा म्हणा. मी बी बुढी, थे बी बुढे."

झालं. युरोपातल्या मोठमोठ्या सभागृहांत उभा राहिलेला हा माणूस तिसऱ्याच पावलाला चिखलात बसला. अकरा बायका एकदम हसल्या, मीही हसले. खोटं कशाला सांगू, भांडणाचा थोडा वचपा निघाल्यासारखं वाटलं. ते उठले, पुन्हा वाकले. रोपं इतकी खोल खुपसत होते की शीलाकाकू ओरडल्या, "एवढे नाही खुपसाचे, कुजून जाते!" व्हायोलिनच्या तारांवर पन्नास वर्षं फिरलेली बोटं, पण काड्या चारच्या जागी दहा येत. पंधरा-वीस मिनिटं झाली तरी त्यांची पात काही मागे पडेना. त्यांनाही जरा अभिमान वाटला असावा, कारण त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

धुऱ्यावरून मला दिसत होतं ते त्यांना दिसत नव्हतं. अनुसयामाय आपल्या पातीत दोन ठिकाणी रोवून, हात लांब करून, त्यांच्या पातीत एक रोवत होती. तिलाही सगळं जमत नव्हतं. तिच्या पातीची कड पलीकडून शीलाकाकू भरून काढत होत्या, आणि शीलाकाकूंची कड त्यांच्या पलीकडची बाई. कुणी कुणाला काही बोललं नव्हतं. मालिकेतली सासू अजून चालूच होती.

मी हे गास्तोंना ओरडून सांगितलं. ते वाकलेलेच राहिले. मग सावकाश सरळ झाले आणि ओळीकडे या टोकापासून त्या टोकापर्यंत बघत राहिले.

दुपारी मोहाखाली जेवायला बसलो. भात, वरण, वास्त्यांची भाजी (कोवळ्या बांबूच्या कोंबांची), वर भरपूर सांबार. सांबार म्हणजे इकडे कोथिंबीर, हे मला त्याच दिवशी कळलं. गास्तों हाताने जेवत होते आणि मधेच थांबत होते. शेवटी म्हणाले, "त्यांना विचार, एकमेकींची पात भरायची हे कोण सांगतं?"

"सांगाले कायले लागते?" शीलाकाकू म्हणाल्या. "बाजूचा मानूस मांग राहिला तं दिसते ना आपल्याले."

"आणि म्हाताऱ्या बाईला घरी का नाही पाठवत?"

हा प्रश्न मी जरा बिचकतच मराठीत केला. अनुसयामाय समोरच बसली होती.

"घरी काहून?" शीलाकाकूंना प्रश्नच कळला नाही. "मी लग्न होऊन आली तं मले पऱ्हा धराले तिनंच शिकवलं."

मी भाषांतर केलं. गास्तोंनी ताट खाली ठेवलं. आणि तिथेच, खरकट्या हाताने, चिखलाने भरलेल्या पायांनी, त्यांनी मला तेरावं प्रकरण सांगितलं.

ओदील नावाची वादक होती. वाद्यवृंदात स्वरलिपीचे कागद ठेवायला दोन वादकांमध्ये एक स्टँड असतो. गास्तों आणि ओदील अकरा वर्षं एका स्टँडवर वाजवत. ते नवखे होते, ती मुरलेली. पहिल्या वर्षी ते कुठे चुकणार हे तिला आधीच कळायचं, आणि तिथे ती आपला आवाज थोडा वाढवायची. पुढे गास्तों संचालक झाले, ती मागच्या रांगेत होती. तिची बोटं आखडायला लागली. जलद जागी ती केसभर मागे राहायची. एका तालमीत गास्तोंनी सगळ्यांना थांबवलं आणि तिला तो तुकडा एकटीने वाजवायला लावला. एकदा, दोनदा, चारदा. पाचव्यांदा तिने व्हायोलिन पेटीत ठेवलं आणि निघून गेली. "मी बरोबर होतो," गास्तों म्हणाले. "ती मागेच पडत होती. चार महिने मी स्वतःला हेच सांगत होतो. मग छडी हातात धरवेना."

मला रडू आलं, आणि त्यांचा रागही आला. मी विचारलं, "हे लिहू?"

"तिला विचारल्याशिवाय नाही."

शीलाकाकूंनी निघताना आम्हा दोघांना घरच्या तांदळाची एकेक पिशवी दिली. कारध्याला नदीकाठी गास्तोंनी ड्रायव्हरला गाडी थांबवायला सांगितलं. तिकडे फ्रान्समध्ये तेव्हा दुपार होत होती. ओदीलचा नंबर त्यांच्या फोनमध्ये होता, नऊ वर्षं तो त्यांनी लावला नव्हता. फोन स्पीकरवर टाकून ते म्हणाले, "तूही ऐक, तुझ्याच पुस्तकाचं आहे."

तिने उचलला. त्यांनी नाव सांगितलं. मग ते बोलत गेले, रोवणीचं नाही, फक्त त्या तालमीचं. माफी मागितली. हे पुस्तकात येऊ देऊ का, म्हणून विचारलं.

"येऊ दे," म्हातारा, कोरडा आवाज म्हणाला. "पण मग पूर्ण येऊ दे. तू एकटा नव्हतास, गास्तों. साठ जण बसले होते. एकानेही आपलं वाद्य खाली ठेवलं नाही."

तिने माफ केलं की नाही, ते आम्हाला कळलं नाही. फोन तिने ठेवला होता. गास्तों गाडीत येऊन बसले. या वेळी नागपूर येईपर्यंत फाईल त्यांच्या मांडीवर होती.

पुण्याला परतून मी तेरावं प्रकरण चार दिवसांत लिहून काढलं. ओदीलच्या वाक्यापाशी मात्र हात अडला. आमच्या कॉलेजात मंदाताई म्हणून होत्या, मराठीच्या. मी नोकरीला लागले तेव्हा त्यांनीच मला वर्गात उभं राहायला शिकवलं. त्यांच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना प्राचार्यांनी त्यांना भर बैठकीत पुढे बोलावून कॉम्प्युटरवर निकाल भरायला लावला. बोटं अडखळत होती, कुणीतरी हसलंही. आम्ही तीसेक जण होतो. मी वहीत बघत होते. दुसऱ्या दिवसापासून त्या आल्या नाहीत.

मंदाताई माझ्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे राहतात. मी कागद तसेच ठेवले, चपला घातल्या आणि गेले. दार त्यांनीच उघडलं. आत बसल्यावर मी सगळं सांगितलं, त्या दिवशी गप्प का बसले, कुठे बघत होते, सगळं.

"वहीत बघत होतीस, मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "मी तुझ्याकडेच बघत होते."