कारेगावात छाती दुखली तेव्हा

कारेगावच्या कंपनीत कामाला म्हणून इनामगावातून मी निघाले तेव्हा आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पेटी आणि शेगडी टेम्पोत चढवली. मिस्टर आधीच पुढं बसले होते. आई शेवंतीच्या रानातून तशीच धावत आली होती. आप्पा म्हणाले, "तासाभराचा तर रस्ता हाय. परदेशात चाललीस व्हय? कवाबी ये."

त्या 'कवाबी'त आठ वर्षं गेली. लांब गेलेल्यांना निदान रडता तरी येतं. मी एवढी जवळ होते, की घराची आठवण येते म्हणायचीसुद्धा लाज वाटायची.

कारेगावात दहा खोल्यांच्या ओळीतली एक खोली आमची. कंपनीत मी पॅकिंग लाइनवर. शिफ्ट दर आठवड्याला बदलते, झोपेला मात्र ते कळत नाही. समोर बोर्ड असतो : किती पीस झाले, किती राहिले. पाणी प्यायला गेले तरी तो बोर्ड डोक्यात चालू. घरी पोळ्या लाटतानाही माझा जबडा आवळलेला असायचा, आणि ते मला ठाऊकच नव्हतं. मिस्टरांनी काही विचारलं की मी भांडी आपटायची. हळूहळू त्यांनी विचारणं सोडून दिलं.

रविवारी आईचा फोन यायचा. "बरी हायस?" "बरी हाय. तू?" "मीबी." संपलं.

मागच्या उन्हाळ्यात एका दुपारी लाइनवर हातांना मुंग्या आल्या, छाती आवळली. श्वास घेत होते, पण पुरत नव्हता. वाटलं, हार्ट अटॅकच. बाहेर पळावं तर पुढं कन्व्हेयर, मागं क्रेटची रांग. शेजारची बिहारची सरिता "दीदी, नीचे बैठो" म्हणाली आणि तिनंच मला दवाखान्यात नेलं.

ईसीजी बघून डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "हृदय ठीक आहे. हे ताणामुळं होतं."

मी चिडले. "म्हणजे मी नाटक करते का?"

"नाही. त्रास खराच आहे. असं झालं की श्वास हळू सोडायचा, घ्यायला लागतो त्यापेक्षा जास्त वेळ. आणि मला सांगा, तुमचं हे कुणाला माहीत आहे?"



त्या संध्याकाळी मीच आईला फोन लावला आणि सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मलाबी तसंच हुतं. तू गेल्यापासनं. हात बधिर पडत्यात. तुला कशाला घोर, म्हणून बोलले न्हाई."

आठ वर्षं आम्ही एकमेकींना जपत होतो आणि आपापल्या जागी एकट्याच घाबरत होतो.

त्यानंतर फार काही बदललं नाही. कायमची सकाळची शिफ्ट मागितली, मिळाली नाही. मिस्टरांना सांगितलं तेव्हा ते खाली बघत म्हणाले, "मला वाटायचं, तू माझ्यावरच चिडलीयस." आता छाती आवळली की बाथरूममध्ये जाऊन हळू श्वास सोडते. कधी उपयोग होतो, कधी व्हायच्या आत सुपरवायझरची हाक येते.

परवाच्या सुट्टीत आईला शिरूरला डॉक्टरकडं नेलं. नंबर येईपर्यंत आम्ही बाहेर बाकावर बसलो होतो. गावातल्या घरात मी आता पाहुणी आहे, आणि कारेगावची खोली मला कधी माझी वाटलीच नाही. पण त्या बाकावर आई घाबरून, लहान पोरीसारखी माझ्या खांद्याला टेकली, आणि मला घरी आल्यासारखं वाटलं.