डोळे मोठे दिसावेत म्हणून

आज सकाळी एरंडेलाच्या दिव्यावर तांब्याची वाटी पालथी धरली आणि त्या जळक्या वासासरशी जिंतूरचं आमचं स्वयंपाकघर आठवलं. आई मणिपूरची; फौजेत असताना बाबा तिला लग्न करून इकडं घेऊन आले. माझे बारीक डोळे तिच्यावर गेलेले. मी पहिलीत होते, वर्गाचा फोटो निघणार होता. आईनं माझ्या डोळ्यांत काजळाच्या जाड रेघा ओढल्या, पुसल्या, परत ओढल्या. डोळे चुरचुरले आणि काजळ गालांवर ओघळलं. बाबा दारातूनच म्हणाले, "अजून जरा लाव, पोरं लय चिडवायलेत तिला." मी रडत रडत आईला विचारलं, "मग तू का लावत न्हाईस?" ती पदरानं माझा गाल घासत राहिली. "माझं जाऊ दे. तू तरी इथली दिस." त्या फोटोत सगळा वर्ग हसतोय आणि मी तेवढी डोळे ताणून, श्वास कोंडून उभी आहे. आज माझ्या मुलीच्या वर्गाचा फोटो आहे. काजळाचं बोट पापणीजवळ नेलं, तशी ती मागं सरकली. म्हणाली, "आई, माझ्या डोळ्यांना काय झालंय?"