एकदम उलटलेली दोन पानं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आता तुम्ही हसाल. म्हणाल, मंदाताई, तुमच्या पोटात कधी काही राहिलंय का? खरं आहे. हळदीला, बारशाला, बचत गटाच्या बैठकीला, जिथे चार बायका जमल्या तिथे पाचवी मी, आणि बोलणारी मी एकटीच. नवऱ्याच्या घोरण्याची नक्कल मी त्याच्या बहिणींपुढे, त्याच्याच देखत केलेली आहे. पोटाच्या ऑपरेशनची गोष्ट मी इतकी रंगवून सांगते की परवा एका बाईने विचारलं, मला पण करून घ्यायचंय, कुठे करतात?

पण ही एक गोष्ट — नाही. ही सांगायला तोंड उघडते आणि दुसरीच सांगून मोकळी होते.

आताही बघा, तेच करणार आहे. आधी तुम्हाला आमचं दुकान दाखवते.

शिळफाट्याला, टायरवाल्याच्या मागे, पत्र्याची एक लांब शेड होती. बाहेर पाटी ‘बुक बायंडिंग’. आत शिरलं की पहिल्यांदा नाकात जायचा तो खळीचा वास. खळीत मोरचूद घालायचे, किडे लागू नयेत म्हणून, त्यामुळे ती निळसर दिसायची. आम्ही चार बायका चटईवर बसून छापील कागदांच्या घड्या घालायचो. एका कागदाची घडी झाली की तो फर्मा. फर्मे क्रमाने लावायचे आणि खिडकीशी बसलेल्या इस्माईलभाईंकडे सरकवायचे. शिलाई त्यांची. शेठ दिवसातून एकदा यायचे, पंख्याकडे बघून म्हणायचे, “बिल फार येतं,” आणि जायचे.

बाकी सगळा दिवस आमचा. म्हणजे माझा.

काय दिवस होते! गिऱ्हाईक पायरी उतरून जायचा अवकाश, की त्याची नक्कल सुरू. रसायनीहून एक वकील यायचा, तो ‘फाइल’ म्हणताना डोळे मिटायचा. कर्जतच्या कॉलेजचे एक सर प्रबंध बांधायला घेऊन आले आणि पुठ्ठ्यावर सोनेरी अक्षरांत छापायला स्वतःचंच नाव चुकीचं लिहून देऊन गेले. ते घ्यायला आले तेव्हा त्यांचा चेहरा कसा झाला, ते मी वर्षभर करून दाखवत होते. मालन हसता हसता चटईवर आडवी व्हायची. पण मालनच्या हसण्याला काय किंमत? ती टायर फुटला तरी हसायची.

इस्माईलभाई हसले म्हणजे खरं. सहज हसायचे नाहीत ते. आधी खांदे हलायचे. मग सुई खाली ठेवली जायची. मग चष्मा निघायचा, डोळे पुसले जायचे, आणि म्हणायचे, “बस गं मंदा, टाका सुटला माझा.”

त्यांचा टाका सुटला की माझा दिवस सोन्याचा.

नाही, तसलं काही मनात आणू नका. ते माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठे, बायकामुलांचे, पाच वेळचे नमाजी. ईदला त्यांच्या घरून आम्हा चौघींना शीरखुर्मा यायचा, आमच्या घरून त्यांना गणपतीचे मोदक जायचे. मला हवा होता तो फक्त त्यांचा कान. ज्याला गोष्ट सांगता येते त्याला कुणीतरी एक ऐकणारा लागतो, शंभर नव्हे, एकच. तो नसेल तर तुम्ही नुसत्या बडबड्या. कळतंय का?

आणि त्यांचा हात! चौथीपर्यंत शिकलेला माणूस. पण त्यांनी शिवलेलं पुस्तक टेबलावर उघडलं की सपाट पडून राहायचं, झोपलेल्या मांजरासारखं. दाबायला लागायचं नाही. आणि असल्या हाताने त्यांनी जन्मभर काय शिवलं? ग्रामपंचायतीची दप्तरं. पोरांच्या प्रयोगवह्या. लग्नाचे अल्बम. एकदा म्हणाले होते, “मंदा, लोक पुस्तक वाचायला बांधून नेतात का ठेवायला गं? मी शिवलेलं कोन उघडतो तरी का?” मी त्यावरही काहीतरी विनोद केला. ते हसलेसुद्धा.

बघा, किती वेळ लावला. येते, मुद्द्यावर येते.

त्यांचा एक मावसभाऊ इंग्लंडला असायचा, मूळचा श्रीवर्धनकडचा. घरातल्या एका लग्नाला आला तेव्हा घरातला जुना कुराण शरीफ घेऊन आला, पानन् पान सुटलेला. इस्माईलभाईंनी आठ दिवस बसून तो नव्याने शिवला. भाऊ परत गेला आणि तिथल्या एका म्हाताऱ्या बाइंडरला त्याने तो दाखवला. त्या म्हाताऱ्याने म्हणे खिशातून भिंग काढलं, शिलाई पाहिली आणि विचारलं, हा माणूस इकडे येईल का?

मग त्या म्हाताऱ्याचं पत्र आलं. तीन पानी, इंग्रजीत, एका बाजूला छापलेलं, कोपऱ्यात पिन मारलेलं. आमच्यात बारावी झालेली मी एकटी. दुपारच्या सुट्टीत त्यांनी ते माझ्यापुढे धरलं. “वाच गं. काय म्हनतोय गोरा, ते सांग.” आणि हात धुवायला नळावर गेले.

ते येईपर्यंत मी तिन्ही पानं मनातल्या मनात वाचली. माझं इंग्रजी काही फार थोर नाही, पण पत्र सोप्या भाषेत होतं. ज्याला इंग्रजी धड येत नाही अशा माणसासाठीच कुणीतरी मन लावून लिहिलेलं.

पहिल्या पानावर काम काय, दुकान कुठे. तिसऱ्यावर, तिथे काय काय शिवायला मिळेल. आणि दुसऱ्या पानावर पगार. पगाराचा आकडा होता, आणि खाली समजावून सांगितलं होतं — व्हिसा काढून बाहेरून आणलेल्या कामगाराला तिथल्या कायद्याने ठरवलेल्या रकमेपेक्षा एक पैसा कमी देता येत नाही. त्या रकमेत जादा तासांचे पैसे धरायचे नाहीत. राहण्याची सोय केली म्हणून तिची किंमत धरून पगार फुगवून दाखवायचा नाही. आणि कमी दिलं, तर तक्रार कुठे करायची, तेही. म्हातारा स्वतःविरुद्धच तक्रारीचा पत्ता देत होता.

हे पान इतकं महत्त्वाचं का? तर इस्माईलभाईंना भीती फक्त एका गोष्टीची होती. त्यांचे थोरले भाऊ आखातात गेले होते. कागदावर पगार एक, हातात आला दुसरा, पासपोर्ट मालकाच्या कपाटात. तीन वर्षांनी परतले ते माणूस म्हणून अर्धे झालेले. त्या घरात परदेशच्या पगारावर कुणाचा विश्वास नव्हता. त्यांचं जाणं न जाणं त्या दुसऱ्या पानावर होतं. मला हे माहीत होतं. म्हणून तर सांगतेय.

ते हात पुसत आले आणि समोर बसले.

मी वाचायला सुरुवात केली. कशी वाचली म्हणता? अगदी रंगात येऊन. म्हाताऱ्या गोऱ्याचा आवाज काढला. पहिलं पान संपलं. आणि मी — आम्हा बाइंडिंगवाल्यांच्या बोटांना दोन पानं एकदम आली तर लगेच कळतं हो, डोळे मिटून कळतं, ते तर आमचं काम. माझी बोटं चुकली नाहीत. मी दोन पानं एकदम उलटली. जाणूनबुजून. आणि समोर बसलेला माणूस, ज्याने अख्ख्या आयुष्यात एक जोडपान सुटू दिलं नव्हतं, तो त्या वेळी माझ्या तोंडाकडे बघत होता. गोष्ट ऐकताना बघायचा तसा.

तिसरं पान मी सगळं वाचलं. चर्चमधली दोनशे वर्षांपूर्वीची जन्ममृत्यूची पुस्तकं. चामड्याच्या बांधणीतले नकाशे. कुणाकुणाची हस्तलिखितं. त्यांनी ते दोनदा वाचायला लावलं. “चामड्यातले? परत वाच.” मी परत वाचलं.

मग त्यांनी विचारलं, “आनि पगाराचं? कागदावर एक नि हातात एक, असं तर नाय ना गं?”

काय सांगू तुम्हाला! तिथे मी नुसतं ‘नाही’ म्हणायचं होतं. एक शब्द. माझ्यासारख्या बाईला एक शब्द जड?

मी म्हणाले, “भाई, आकडा मोठा लिवलाय. पन राहन्याखान्याचं कापनार म्हनतो. किती कापनार, ते काय लिवलं नाय. मला काय हे बरं दिसत नाय.”

मी दुकान बुडेल म्हणून बोलले का? शेठने दुसरा शिलाईवाला आणला असता. त्यांच्या बायकोमुलांची काळजी? छे. मला फक्त इतकंच दिसत होतं की खिडकीशी ती जागा रिकामी झाली आहे, मी वकिलाची नक्कल करतेय, आणि मालन एकटी हसतेय.

इस्माईलभाईंनी पत्र घेतलं, घडी घातली. घडीसुद्धा कशी, कोपऱ्याला कोपरा. म्हणाले, “तू हायस म्हनून बरं. नायतर फसलो असतो.” आणि खिडकीशी जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी मी ग्रामसेवकाची नवी नक्कल आणली होती. खांदे हलले. सुई खाली गेली. चष्मा निघाला. आणि मला — हे सांगताना लाज वाटते, पण खरं तेच सांगायला बसलेय — मला आनंद झाला. निखळ आनंद. पुढची सहा वर्षं मी त्या शेडमध्ये जितकी सुखात होते तितकी कधीच नव्हते. आता मी तुम्हाला त्या दिवसांचं एवढं कौतुक सांगितलं ना? त्यातले अर्धे दिवस त्यांचे होते. दुसऱ्या देशात, चामड्याच्या पुस्तकांपुढे जायचे होते. ते मी इकडे ठेवून घेतले, आणि त्यांना हसवण्यात खर्चून टाकले.

मग दप्तरं कंप्यूटरवर गेली, दुकान बंद पडलं. इस्माईलभाईंच्या उजव्या हाताची बोटं आखडली, आता सुई धरवत नाही. चौक गावात मुलाच्या गॅरेजवर गल्ल्याशी बसतात. येईल त्याला माझी ओळख करून देतात. “ही मंदा. हिनं मला वाचवला.” मी हसून विषय बदलते. त्यात मी पटाईत आहे.

गेल्या महिन्यात त्यांनी मला बोलावून घेतलं. त्यांची पुतणी रुबिना नर्स आहे, तिला इंग्लंडमधल्याच एका वृद्धाश्रमात नोकरी लागतेय. पोरगी शिकलेली, तिला माझी काय गरज? पण काका हटून बसले होते, मंदाने वाचल्याशिवाय सही नाय करायची. मी गॅरेजमध्ये स्टुलावर बसले आणि वाचलं. एक एक पान. पगाराचं पान आलं. आकडे बदललेले, पण बाकी तेच. ठरलेल्या रकमेपेक्षा कमी देता येणार नाही. राहण्याचं त्यात धरता येणार नाही. कमी दिलं तर तक्रार इथे करा. मी सगळं मराठीत सांगितलं, एक ओळ सोडली नाही. रुबिना म्हणाली, “बघा चाचा, मी तेच सांगत होते.”

इस्माईलभाईंनी तो कागद आपल्याकडे ओढून घेतला. मग त्यांनी मला विचारलं, “मंदा, हा नियम आता नवीन आला असंल, नाय?”

गॅरेजमध्ये त्या वेळी आवाज नव्हता. रुबिना फोनमध्ये बघत होती. सांगायला याहून चांगली वेळ कुठली होती?

मी म्हणाले, “हो भाई. आत्ताच आलाय.”

त्यांनी मान हलवली. म्हणाले, “तरीच.” आणि माझ्यासाठी चहा सांगितला.

तो चहा मी प्यायले.